धुतलेली पिलं

पिलं मी धुतली. चारही. कोमट पाण्यात जखमेवर लावायचं जंतुनाशक ओतून, पाणी ताकासारखं पांढरं करून, एकेकाला मानेला धरून बुडवलं आणि जुन्या ओढणीनं पुसून काढलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी शाळेवर चिडणार आहे, सरकारी कचेऱ्यांवर चिडणार आहे, आईवरसुद्धा चिडणार आहे, आणि वाचणाऱ्याचा असा समज व्हायला नको की चूक दुसऱ्या कुणाची होती. तेव्हा मी नववीत होते. प्रभातफेरीत सगळ्यांच्या पुढं मी, घोषणा देऊन देऊन घसा बसलेली मी, स्वच्छतेचं हस्तलिखित पत्रक काढून गावातल्या पिठाच्या गिरणीवर आणि डेअरीवर चिकटवणारीही मीच. पत्रकात सात कलमं होती आणि प्रत्येक कलमाच्या शेवटी उद्गारचिन्ह. ज्याला अजून नीट दूध ओढता येत नाही अशा जिवाला या सातातल्या कुठल्याच कलमाचं काही देणंघेणं नसतं, हे त्या वयात मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, देव जाणे.

मी मामाकडं राहायचे. कळंबच्या शिवारात, हायवेपासून हाकेच्या अंतरावर त्याचं घर. विटांच्या दोन खोल्या, वर पत्रा, पुढं सारवलेलं अंगण आणि अंगणाच्या कडेला कांद्याची बराखी. बराखी म्हणजे जमिनीपासून वीतभर उंच उचललेली, बांबूच्या पट्ट्यांची लांबट अरुंद कोठी. वारा आरपार जातो म्हणून उन्हाळी कांदा तिच्यात दिवाळीपर्यंत टिकतो. फाल्गुनात ती रिकामी असायची, तळाशी नुसती साल उरायची, आणि दुपारी वारा सुटला की ती साल कागदासारखी सळसळायची. तो आवाज माझ्या कानात इतका बसलाय, की आजही एखाद्या छापखान्यात कोऱ्या कागदांची चळत कुणी चाळली तर मला आधी कांदा आठवतो. दुसरा आवाज हायवेचा, तो कधी थांबायचाच नाही. उसाच्या हंगामात पारगावच्या कारखान्याकडं निघालेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जायचे, मोठ्या आवाजात गाणी लावून, आणि मामी भाकरी थापता थापता त्या गाण्यांना शिव्या द्यायची आणि गुणगुणायचीसुद्धा.

मामी तोंडानं तिखट आणि हातानं सढळ. हुलग्याची शेंगोळी ती अशी करायची, की तळाला धरलेली दाट खरड मिळावी म्हणून मामा आणि मी जेवायला मुद्दाम उशिरा बसायचो. सणावाराला मासवडी. बेसनाची उकड ओल्या फडक्यावर थापायची, वर तीळ-खोबऱ्याचं सारण पसरायचं, फडक्यानंच गुंडाळी करायची आणि दोऱ्यानं सुबक वड्या कापायच्या. पहिली वडी बाजूला ठेवून म्हणायची, "ही तुझ्या आईची." मग थोड्या वेळानं ती मलाच खायला द्यायची. माझी आई तिथं नसायची. आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, मेंढरांमागं. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तेच. दिवाळी झाली की माळशेज घाट उतरून खाली कोकणात जायचं, भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढरं बसवायची, आणि वैशाख सरता सरता परत वर यायचं. मी सहा वर्षांची झाले आणि मला मामाकडं ठेवलं. शाळेसाठी.

आज मी याच गोष्टीची पत्रकं छापते. मेंढरं चालतात आणि शाळा चालत नाही, एवढं साधं वाक्य कचेरीतल्या साहेबाला समजायला किती वर्षं लागावीत? "तुमच्या लोकांना शिक्षणाची आवड नाही हो," असं पंख्याखाली बसून मला कितीदा तरी ऐकवलंय. आवड नाही? माझ्या आईपुढं दोनच वाटा ठेवल्या होत्या. पोरगी अडाणी ठेव, नाहीतर पोरगी सोड. तिनं सोडली. पण हे मला आत्ता कळतं. चौदाव्या वर्षी मला एवढंच कळत होतं की मला ठेवून ती मेंढरं घेऊन गेली. म्हणजे तिला मेंढरं जास्त.

कबरी मांजर कुणाचीच नव्हती. तांबडी-काळी-पांढरी, शेपटीचं टोक मोडलेलं. मामी भाकरीचा काला टाकायची म्हणून यायची आणि मांडीवर मात्र कुणाच्याच बसायची नाही. त्या फाल्गुनात ती रिकाम्या बराखीत, कोपऱ्यातल्या जुन्या गोणपाटावर व्याली. सकाळी मी वाकून पाहिलं तर चार पिलं, उंदरांएवढी, डोळे बंद, तिच्या पोटाशी चिकटून. मला काय दिसलं म्हणाल? गोणपाट ओलं आहे, त्याला वास येतोय, कांद्याची कुजकी साल आहे. मामी खुरपायला गेली होती, मामा मंचरच्या बाजारात. थोड्या वेळानं कबरी पाय मोकळे करायला उसाकडं गेली आणि मी कामाला लागले. गोणपाट उचलून उकिरड्यावर फेकलं. पिलं धुतली. टोमॅटोच्या क्रेटमध्ये मामीचं धुतलेलं लुगडं घडी करून घातलं, पिलं त्यात ओळीनं मांडली, आणि क्रेटला कागद चिकटवला, 'शांतता राखा'. खरंच चिकटवला. खोटं कशाला सांगू.

कबरी आली. क्रेटच्या काठावर पुढचे दोन पाय ठेवून तिनं आत नाक घातलं, आणि विस्तव लागावा तसं बाहेर काढलं. परत हुंगलं. मग ती फिस्कारली. स्वतःच्या पिलांवर. पाठीची कमान, कान मागं, आणि घशातून एक आवाज, जो मी तिला फक्त बोक्यावर काढताना ऐकला होता. एक पिलू आंधळेपणानं तिच्याकडं सरकत होतं. तिनं त्याला पंजानं ढकललं, उडी मारली आणि थेट पत्र्यावर जाऊन बसली. मी तिला बोलावलं, दूध दाखवलं. ती बघायचीसुद्धा नाही. खाली पिलं ओरडायला लागली. एवढ्याशा जिवांचा एवढा आवाज. आणि मग दुपार चढत गेली तसा तो आवाज बारीक होत गेला, ते जास्त वाईट होतं.

मामी आली ती वास घेतच. "दवाखान्याचा वास कुठनं येतोय गं? कोण पडलं, धडपडलं?" मी क्रेटकडं बोट केलं. तिनं पाहिलं, कागद वाचला, माझ्याकडं पाहिलं.

"अंघोळ घातली?"

"घाण व्हती मामी लई."

"पावडर लावायची राह्यली की मग! तीट बी न्हाई लावलीस." मग तिनं क्रेटमध्ये हात घातला आणि तिचा चेहरा उतरला. "अगं पोरी, रातभर चाटून चाटून तिनं आपली केली व्हती ती. समदं धुऊन टाकलंस. आता तिला वाटतंय, ही कुणाची परकी पोरं आणून ठिवलीत."

"मग आता काय करायचं?"

"मला काय ठावं? मी कांद्यातली. मेंढीनं कोकरू न्हाई घेतलं तर घ्यायला लावणारी तुझी आई हाय. इचार तिला." आणि कमरेला खोवलेला मोबाईल तिनं माझ्यापुढं धरला.

मी आईशी बोलत नव्हते. दिवाळीनंतर ती खाली गेली तेव्हापासून एकदाही नाही. फोन आला की मला अभ्यास असायचा, डोकं दुखत असायचं, बाहेर काम असायचं. मामीला सगळं कळायचं. आताही ती नुसता फोन धरून उभी राहिली. क्रेटमध्ये एका पिलानं तोंड उघडलं आणि त्यातून आवाजच आला नाही. मी फोन घेतला.

"हालो, वैनी?" आईचा आवाज, आणि त्याच्यामागं शेकडो मेंढरं.

"मी हाय."

मेंढरांचा आवाज मागं पडला, ती कळपातून बाजूला झाली असावी. मग, "काय झालं? ताप आला का तुला?"

"मांजर पिलं घेत न्हाई. मी धुतली. औषधानं."

आता ती रागावेल, निदान हसेल, म्हणून मी वाट पाहिली. रागावली असती तर मला बरं झालं असतं, मलाही चार शब्द सुनावता आले असते. पण ती कामाचंच बोलली. "करंगळी घाल पिलाच्या तोंडात. आतनं ऊन लागतंय का गार?"

मी एकेकाच्या तोंडात बोटाचं टोक घातलं. "दोन ऊन हाईत. एक कोमट. ह्ये बारकं गार हाय."

"मंग मांजरीचं राहू दे. आदी ऊब. पोटाशी धर, कापडाच्या आतनं, कातडीला कातडी. गार पडलेलं कोकरू मेंढी हुंगती आन्‌ पुढं जाती. तिच्या लेखी ते गेलेलं असतं."

मी चारही पिलं शाळेच्या शर्टाच्या आत घातली आणि भिंतीला टेकून बसले. फोन मान आणि खांद्याच्या मध्ये. पोटावर चार इवलेसे जीव वळवळत होते आणि नखं टोचत होती. आई विचारत होती आणि मी सांगत होते. व्याली कशावर? गोणपाटावर. कुठाय ते? फेकलं. कुठं? उकिरड्यावर. "वैनीला म्हणावं, पळ. आण म्हणावं ते. धुऊ नको, झटकू बी नको." मामी पळाली. तेवढ्यात आईनं विचारलं, "आता कसला वास येतोय गं त्यांला?"

मी शर्टाची गळपट्टी ओढून हुंगलं. "साबणावानी," मी म्हणाले. "सोच्छ."

वास हा शब्द आमच्या दोघींच्या मध्ये आधीचा पडलेला होता. आदल्या वैशाखात ती कोकणातून वर आली तेव्हा मी अंगणात वर्गातल्या दोन मैत्रिणींबरोबर बसले होते. सहा महिन्यांनी पोरगी दिसली म्हणून ती हात पसरून धावत आली, आणि मी दोन पावलं मागं सरले. "आदी अंघोळ कर. वास येतोय तुझा," मी म्हणाले. मैत्रिणी हसल्या. आई तिथंच थांबली. मग घराच्या मागं जाऊन तिनं दोन बादल्या पाणी घेतलं, मामीचा गुलाबी साबण निम्मा झिजवला, आणि ओल्या केसांनी येऊन अंतर ठेवून बसली. त्या पुऱ्या मुक्कामात, चार-पाच महिने, ती अंघोळ केल्याशिवाय माझ्या जवळ आली नाही. आणि रुसले कोण? मी! हाकललं मी आणि अबोलाही मीच धरला. माणूस आपल्या चुकीचा राग दुसऱ्यावर किती सराईतपणे काढतो, त्याचं मला वाटतं मी उत्तम उदाहरण होते.

मामी गोणपाट घेऊन आली. आईनं पुढचं सांगितलं. त्या गोणपाटानं पिलं पुसायची, डोक्यापासून शेपटीपर्यंत, शेपटीखाली जास्त, कारण आई तिथंच हुंगते. "हट्टी मेंढी असली की आमी कोकराच्या पाठीवर मीठ चोळतो, चाटती मग ती. एकदा चाटलं की तिचं झालं. त्यातनं बी न्हाई ऐकलं तर कुत्रं आणून उभं करतो समोर. कुत्रं बघितलं की मेंढी पाय आपटून कोकराच्या आडवी होती."

"कुत्रं न्हाई. आपलं वाघानं न्हेलं पौषात," मी म्हणाले. आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात.

"अगं बया! मांजरीला दाखवू नको कुत्रं, न्हाईतर जाईल मंचरला पळून." ती हसली. मीही हसले, आणि पोटावरची पिलं हलली. "मीठ बी नको. मांजरीला काय आवडतं?"

"साय."

"मंग सायीचं बोट फिरव पाठीवरनं. नुसतं बोट हां, लिंपू नको. आन्‌ ज्या जागेवर व्याली तिथंच ठेव गोणपाट. लुगडं नको, खोकं नको, काय नको. आन्‌ ठेवलं की उठायचं."

"मी बसते की लांब, लक्ष ठेवायला."

"न्हाई. तू बसलीस तर ती येणार न्हाई. घरात जा."

"पण मग ती मरतील! असं टाकून कसं जायचं?"

पलीकडं मेंढरं ओरडत होती, कुणीतरी आईला हाक मारत होतं. ती म्हणाली, "जाता यायला लागतं, बाळा. पाय निघत न्हाई, तरी." आणि फोन ठेवला.

सगळं आईनं सांगितलं तसं केलं, मग मामीनं दार लोटून घेतलं आणि फटीतून आम्ही दोघी आळीपाळीनं बघत राहिलो. तिनं मला सकाळची शेंगोळी वाढली, ती मी हातात घेऊन बसले. कबरी पत्र्यावरून उतरली ती उन्हं कलल्यावर. बराखीपाशी गेली, परत फिरली, अंगणाच्या मध्यावर बसून पाय चाटत राहिली, जसं काही तिचं तिथं कामच नव्हतं. मामी पुटपुटली, "नखरं बघ भवानीचं." मग बराखीतून एका पिलाचा आवाज आला आणि कबरीचे कान फिरले. ती गेली. गोणपाट हुंगलं. पुष्कळ वेळ नुसतं गोणपाटच हुंगलं. मग पहिल्या पिलाच्या पाठीवरून एकदा जीभ फिरवली, थांबली, पुन्हा फिरवली. मामीनं माझा दंड असा धरला की वळ उठले. शेवटी कबरी आडवी झाली आणि तिनं पुढचा पाय पिलांच्या वरून टाकला.

तीन घेतली तिनं. ते बारकं, गार पडलेलं, नाकानं बाजूला सारलं. मी त्याला परत शर्टात घेतलं, पण थोड्या वेळानं ते हलायचं थांबलं. शेवग्याखाली पुरलं. पुढं कितीतरी वर्षांनी जनावरांच्या एका डॉक्टरनं मला सांगितलं की ते औषध मांजरांना विषच असतं, चारही गेली असती आणि चाटून आईही गेली असती. तो सहज बोलत होता, चहा पीत. मी तेव्हा कुठल्याशा मोर्चाच्या गडबडीत होते आणि उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

दिवस मावळायच्या आत मी आईला फोन लावला. मीच. "घेतली. तीन."

"आन्‌ चवथं?"

"गेलं. माझ्यानं गेलं."

"जातं एकादं," ती म्हणाली. माझी चूक नव्हती असं ती म्हणाली नाही. ती खोटं बोलत नसे. मग मी पटकन, दम न घेता म्हणाले, "आई, या टायमाला आलीस की आदी अंघोळ करू नको."

"का गं?"

"अशीच ये."

"बरं," ती म्हणाली. आणखी काही म्हणणार होती, पण फोन बंद पडला, तिच्या फोनचं चार्जिंग संपलं असावं.

आता मेंढरं नाहीत. चरायची रानं बंद झाली, कुठं तारेची कुंपणं, कुठं प्लॉट. दादांनी शेवटची मेंढरं विकली त्या दिवशी मी पुण्यात निवेदन देत होते. आई आता मामीबरोबर बराखीत बसून कांदा निवडते. कधीही जावं, ती तिथं असते. केव्हाही जवळ बसावं. तिच्या अंगाला कांद्याचा वास येतो, बाजारातल्या तेलाचा येतो. मी कुठल्याही मागणीपत्रकात पाच-पाच पानं लिहू शकते. पण लोकर, धूर, पातळ ताक आणि पहाटेचं दव मिळून जे काही तिच्या अंगाला यायचं, ज्याला मी मैत्रिणींसमोर नाक मुरडलं, ते परत द्या असं कुणाला ठणकावायचं? रस्त्यानं कधी एखादा कळप चालला असला की मी गाडी थांबवून उतरते. लोकांना वाटतं, ताई कार्यकर्त्या आहेत, विचारपूस करायला उतरल्या.

त्या वर्षी वैशाख सरता सरता ती आली. दादा मेंढरं घेऊन मागून येत होते, ती एसटीनं पुढं. मी रस्त्यावर उभीच होते. उतरली ती नव्या साडीत, केस ओले, चापून बसवलेले, डोक्यावर गाठोडं. नदीवर थांबून अंघोळ करून आली होती.

"करू नको म्हणले व्हते ना मी!"

"ध्यानात व्हतं गं," ती म्हणाली. "पर म्हणलं, तुझ्या शाळंतल्या पोरी आल्या असल्या तर?"

ती तशीच दोन हात लांब उभी होती. मी गेले आणि तिच्या मानेत नाक खुपसलं. साबण होता. साडीची खळ होती. नदीचं पाणी होतं. मी तिची मान वळवली, इकडं हुंगलं, तिकडं हुंगलं, आणि कानामागं, जिथून केस सुरू होतात तिथं साबण पोचला नव्हता. एवढीशी जागा. डोक्यावरचं गाठोडं एका हातानं सावरत ती हसायला लागली. रस्त्यावरून ट्रक जात होते, लोक बघत होते.

"अगं, काय हुंगतीस अशी रस्त्यात? सोड की."

"गप उभी ऱ्हा," मी म्हणाले.